उन्हाचा उतार, सावलीचा उतार

हिमालयाचा विषय निघाला की आपल्याकडे साधारणपणे दोन सूर लागतात. एक भक्तीचा, दुसरा भयाचा. भक्तीच्या सुरातला हिमालय शुभ्र, अढळ आणि समाधिस्थ असतो. भयाच्या सुरातला हिमालय भराभर वितळून संपत चाललेला असतो. या दोन सुरांचे एरवी काही जुळत नाही, पण एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. हिमालय ही एकसंध वस्तू आहे, असे दोघेही गृहीत धरतात. ‘हिमालयातला बर्फ वितळतो आहे’ हे वाक्य आपण ‘फ्रीजमधला बर्फ वितळतो आहे’ इतक्या सहजतेने उच्चारतो. कोणत्या डोंगरावरचा, कोणत्या अंगाचा, कोणत्या महिन्यात, हे विचारायचे आपल्याला सुचत नाही.

या सरधोपटपणाची किंमत एकदा मोजून झाली आहे. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या (आयपीसीसी) २००७ सालच्या अहवालात, हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची मोठी शक्यता असल्याचे विधान होते. त्याला पुरेसा आधार नव्हता आणि जानेवारी २०१० मध्ये मंडळाला ते मागे घ्यावे लागले. ज्यांना संकटच मान्य नव्हते त्यांनी टाळ्या पिटल्या. पण म्हणून धोका टळला असे नव्हे. काठमांडूच्या ‘आयसिमॉड’ या संस्थेचा २०२३ सालचा अहवाल सांगतो की, हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्यांचा ऱ्हास २०११ ते २०२० या दशकात त्याआधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने झाला. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष हिमनद्यांच्या जतनाचे वर्ष म्हणून पाळले, ते उगाच नव्हे.

तरीही असे वाटते की, किती बर्फ उरला या प्रश्नाच्या धाकात आपण दुसऱ्या, तितक्याच महत्त्वाच्या प्रश्नाकडे पाठ फिरवली आहे. तो प्रश्न म्हणजे बर्फ कधी वितळतो? डोंगराखाली शेती करणाऱ्या माणसाला वर्षाच्या बेरजेपेक्षा तारीख महत्त्वाची असते. आणि ही तारीख ठरवण्यात हवेच्या तापमानाइतकाच वाटा दोन जुन्या गोष्टींचा आहे: ऊन आणि उतार.

गच्चीवरचा बंब

पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर आता सोलर बंब सर्रास दिसतात. त्यांच्या काचांकडे नीट पाहिले तर त्या सगळ्या दक्षिणेकडे तोंड करून, थोड्या तिरप्या बसवलेल्या आढळतील. कारण सोपे आहे. आपल्या गोलार्धात हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. काच त्याच्याकडे वळवली की तेवढ्याच काचेवर अधिक ऊन पडते. डोंगराचा दक्षिणेकडचा उतार हा निसर्गानेच तिरपा करून ठेवलेला बंब आहे, आणि उत्तरेकडचा उतार म्हणजे तोच बंब उलट्या दिशेला फिरवलेला.

फरक किती पडतो, हे शाळेतल्या भूमितीनेही काढता येते. लेह शहर साधारण ३४ अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या भर दुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेबत्तीस अंश वर येतो. सूर्याकडे सरळ तोंड केलेल्या फळीवर पडणारे ऊन १०० धरले, तर सपाट जमिनीवर ५४ पडते. तीस अंश चढाच्या दक्षिण उतारावर ते ८९ असते. आणि तेवढ्याच चढाच्या उत्तर उतारावर? अवघे चार. डोंगर तोच, उंची तीच, हवाही तीच. पण एका अंगाला दुसऱ्याच्या वीसपट थेट ऊन. कडा याहून थोडा जरी उभा असेल, तर त्या दिवसांत उत्तरेच्या अंगाला सूर्याचे दर्शनच होत नाही.

आता हाच हिशेब १ मे रोजी मांडून पाहावा. सूर्य दुपारी ७१ अंशांवर येतो. दक्षिण उताराला ९८, उत्तर उताराला ६६. वीसपटीचा फरक दीडपटीवर येतो. २१ जूनला तर दक्षिणेला ९४ आणि उत्तरेला ७६. म्हणजे सव्वापटीच्या आसपास. शिवाय जूनमधला सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, तेव्हा सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन उत्तरेच्या उतारालाच मिळते. हिवाळ्यात डोंगराच्या दोन अंगांमध्ये जणू दोन देशांचे हवामान असते. उन्हाळ्यात ती दोन अंगे पुन्हा एकाच देशात येतात. या साध्या गणितावर डोंगराच्या पाण्याचे सगळे वेळापत्रक उभे आहे.

माणसाने हे केव्हाच ओळखले होते. फ्रेंच भाषेत आल्प्सच्या उन्हाच्या उताराला ‘आद्रे’ आणि सावलीच्या उताराला ‘ऊबाक’ असे वेगळे शब्द आहेत. चिनी तत्त्वज्ञानातले ‘यिन’ आणि ‘यांग’ हे शब्द आज जगभर गूढ अर्थाने मिरवतात, पण त्यांचा मूळ अर्थ डोंगराची सावलीची बाजू आणि उन्हाची बाजू असाच आहे. हिमाचल किंवा कुमाऊँमध्ये फिरणाऱ्याला शब्दकोशाचीही गरज पडत नाही. पुष्कळ ठिकाणी दरीच्या एका अंगाला देवदार आणि ओकची दाट झाडी दिसते आणि समोरच्या अंगाला रखरखीत गवत. झाडी आहे तो उत्तरेकडे तोंड केलेला उतार; तिथे ओल टिकते. घरे आणि शेते पाहावीत तर ती बहुधा उन्हाच्या बाजूला.

वितळण्याआधीची तयारी

ऊन पडले की बर्फ वितळला, इतके हे सरळ नाही. बर्फ आपले संरक्षण स्वतःच करतो. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ अंगावर पडलेल्या उन्हापैकी ८० ते ९० टक्के ऊन परत फेकतो. त्याच्या वाट्याला येते ते दहा-वीस टक्के. शिवाय रात्रभर गारठलेल्या बर्फाला आधी शून्य अंशापर्यंत यावे लागते आणि त्यानंतर वितळण्यासाठी वेगळी उष्णता लागते. शाळेत आपण ‘अप्रकट उष्मा’ शिकलो ती हीच. एक किलो बर्फाचे शून्य अंशाचे पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच एक किलो पाणी पुढे शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवता येते. म्हणून उन्हाळ्याची चाहूल लागल्यावरही डोंगर लगेच पाणी सोडत नाही.

पण एकदा हे कवच तडकले की घसरण वेगाने होते. ऊन लागलेल्या बर्फाचे कण वितळून-गोठून मोठे होतात, ओले होतात आणि त्याची शुभ्रता जाते. जुना, ओला बर्फ निम्मेच ऊन परत फेकतो. म्हणजे तेवढ्याच उन्हात तो पूर्वीच्या अडीच ते पाचपट उष्णता पिऊ लागतो. मध्येच एखादा काळा खडक उघडा पडला की तो तापतो आणि आपल्या कडेचा बर्फ खाऊ लागतो. मार्च-एप्रिलमध्ये डोंगराच्या दक्षिण अंगावर जी ठिगळे दिसतात, ती अशी पडतात. त्याच वेळी पलीकडच्या अंगाला बर्फाची चादर अखंड असते.

पूर्व आणि पश्चिम या दोन अंगांनाही आपापला स्वभाव आहे. दोघांना मिळणारे ऊन कागदावर सारखे असते. पण पूर्वेकडच्या उतारावर सकाळचे ऊन येते तेव्हा बर्फ रात्रीच्या थंडीने कडक झालेला असतो. बरीचशी उष्णता त्याला जागे करण्यातच खर्च होते. पश्चिमेकडच्या उतारावर ऊन पोहोचते तेव्हा हवा तापलेली आणि बर्फ नरमलेला असतो. हिमालयात दुपारनंतर ढग जमतात त्या दिवसांत हा हिशेब उलटतोही. हिमालयात ट्रेकला गेलेल्या मराठी मुलामुलींना गाइड पहाटे दोन-तीनला का उठवतो, याचे उत्तर यातच आहे. खिंड ओलांडायची तर ऊन बर्फावर येण्याआधी. दहानंतर तोच बर्फ गुडघ्यापर्यंत आत घेतो आणि वरच्या उतारावरून घसरूही लागतो.

उन्हाची सर्वांत विलक्षण कारागिरी पाहायची तर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात जायला हवे. तिथल्या कोरड्या, उंच, थंड हवेत बर्फाचे माणूसभर उंचीचे सुळके उभे राहतात. डोक्यावर टोपडी ओढून प्रायश्चित्तासाठी निघालेल्या स्पॅनिश भाविकांच्या रांगेसारखे दिसतात म्हणून त्यांना ‘पेनितेन्तेस’ म्हणतात. मार्च १८३५ मध्ये चिलीतून अर्जेंटिनाकडे जाताना चार्ल्स डार्विनने ते पाहिले आणि नोंदवून ठेवले. त्यांचा खरा शिल्पकार सूर्य आहे. बर्फात पडलेल्या लहानशा खळग्यात ऊन परावर्तित होऊन साठते आणि तळ लवकर वितळतो. टोकावर मात्र कोरड्या हवेमुळे बर्फाचे पाणी न होता थेट वाफ होते, कापूर उडून जावा तशी, आणि या संप्लवनात इतकी उष्णता खर्च होते की टोक थंडच राहते. खळगा खोल जातो, सुळका उरतो. दुपारच्या सूर्याकडे ते किंचित झुकलेले असतात. ऊन नुसते बर्फ संपवत नाही. कुठला आधी आणि कुठला नंतर, हेही तेच निवडते.

येथे एक सावधगिरी हवी. हिमालयाच्या मुख्य रांगेकडे दुरून पाहिले तर चित्र उलटे दिसते. भारत आणि नेपाळच्या बाजूला, म्हणजे दक्षिणेला, कायम बर्फाची रेषा खाली उतरते आणि तिबेटच्या बाजूला ती वर चढते. एकोणिसाव्या शतकातल्या भूगोलतज्ज्ञांना या कोड्याने बराच काळ झुलवले. उत्तर असे की ऊन ही खर्चाची बाजू झाली. जमेची बाजू हिमवर्षावाची आहे. दक्षिणेकडून येणारे बाष्प रांगेच्या अलीकडेच रिते होते, तिबेटला कोरडी हवा मिळते. उताराचा नियम खरा आहे, पण तो जमाखर्चाच्या वहीतले एक पान आहे, अख्खी वही नव्हे. एका दरीचा नियम अख्ख्या पर्वताला लावू नये आणि पर्वताची सरासरी एका दरीला लावू नये, हाच याचा धडा.

पाण्याचे हप्ते

या सगळ्याचा माणसाच्या पोटाशी संबंध कसा येतो, ते लडाखमध्ये उघड दिसते. लेहला वर्षाकाठी सुमारे १०० मिलिमीटर पाऊस आणि बर्फ मिळून पडतो. आपल्या कोकणात एखाद्या जुलैच्या दिवशी यापेक्षा अधिक पडून जातो. लडाखची शेती ही पावसाची शेतीच नव्हे. ती वितळपाण्याची शेती आहे. सातू आणि गव्हाची पेरणी एप्रिल-मेमध्ये करायची, कारण पीक सप्टेंबरच्या थंडीआधी हाती यायला हवे. पण उंचावरच्या हिमनद्यांना पाझर फुटतो तो जूनमध्ये. मधल्या दोन महिन्यांचे पाणी कोठून आणायचे?

ते येते हिवाळी बर्फातून, आणि तेही हप्त्याहप्त्याने. प्रथम खालचे उन्हाचे उतार मोकळे होतात. मग वरचे उन्हाचे आणि खालचे सावलीचे. त्यानंतर, सूर्य माथ्यावर आला की, वरचे सावलीचे उतार. शेवटी हिमनद्या. एका हप्त्याचे पाणी आटते तोवर दुसऱ्याचे सुरू होते. डोंगराने बर्फाची एकरकमी वाटणी न करता मुदतीच्या ठेवी ठेवाव्यात, तशी ही व्यवस्था आहे, आणि मुदत ठरवते ती सावली. लडाखच्या गावांनी तिच्याभोवतीच आपला संसार बेतला. गावात ‘चुरपोन’ नावाचा पाण्याचा कारभारी असतो. कोणाच्या शेताला कोणत्या दिवशी पाणी, हे तो पाहतो. चुरपोनची पाळी नीट चालायची तर आधी डोंगराची पाळी नीट चालायला हवी.

ती चुकली की काय होते, ते झंस्कारमधल्या कुमिक या गावाने पाहिले आहे. त्या परिसरातले हे एक फार जुने गाव. त्याचा ओढा गावामागच्या डोंगरावरच्या बर्फावर चाले. बर्फ कमी पडू लागला, लवकर संपू लागला आणि ओढा ऐन गरजेच्या वेळी दगा देऊ लागला. अखेर २००० सालच्या सुमारास गावाने खाली नदीकाठच्या मार्थांग येथे नव्याने वसण्याचा निर्णय घेतला. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे आणि शेते सोडून जाण्याचा ठराव गावाने करावा, यामागे पूर नव्हता, भूकंप नव्हता. फक्त पाण्याची तारीख चुकली होती.

सावलीची अभियांत्रिकी

ज्यांनी हा प्रश्न तारखेचा आहे हे ओळखले, त्यांनी उत्तरही त्याच दिशेने शोधले. च्यवांग नोर्फेल हे लडाखमधले सरकारी सेवेतले स्थापत्य अभियंते. पॉप्लर झाडांच्या सावलीत संथ वाहणारे पाणी हिवाळ्यात गोठून राहते आणि उघड्यावर वेगाने वाहणारे गोठत नाही, एवढ्या निरीक्षणातून त्यांनी १९८० च्या दशकात कृत्रिम हिमनदीची कल्पना मांडली. हिवाळ्यात ओढ्याचे पाणी कोणाच्याच कामाचे नसते. ते पाट काढून डोंगराच्या सावलीत वळवायचे, दगडांच्या बुटक्या बांधांनी त्याचा वेग मोडायचा आणि थरावर थर गोठू द्यायचे. जागा अशी निवडायची की ती नैसर्गिक हिमनदीपेक्षा खाली, गावाच्या जवळ असावी, म्हणजे तिचे पाणी एप्रिल-मेमध्येच सुटावे. हिवाळ्यात सावली आणि पेरणीला पाणी, असा तो हिशेब होता. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

सोनम वांगचुक यांनी हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला. मे महिन्यात एका पुलाखाली, कमी उंचीवरही, बर्फ टिकलेला त्यांना दिसला. म्हणजे बर्फाचा मुख्य शत्रू तिथली हवा नव्हती, थेट ऊन होते. पण सावली प्रत्येक गावाजवळ कोठून आणणार? त्यांनी सावलीऐवजी आकार वापरला. वरून नळाने आणलेले पाणी कोणत्याही पंपाशिवाय कारंज्यासारखे उडवून थंडीत गोठवायचे आणि शंकूच्या आकाराचा हिमस्तूप उभा करायचा. २०१३-१४ च्या हिवाळ्यात पहिला प्रयोग झाला आणि तो लहानसा स्तूप मेच्या मध्यापर्यंत टिकला.

यातली खुबी आकड्यांत पाहण्याजोगी आहे. एक हजार घनमीटर बर्फ अर्धा मीटर जाडीने पसरला तर उन्हाला दोन हजार चौरस मीटरचे अंगण मिळते. तोच बर्फ १६ मीटर व्यासाच्या आणि १५ मीटर उंचीच्या शंकूत रचला तर बाहेरचा पृष्ठभाग सव्वाचारशे चौरस मीटरच्या आसपास भरतो, आणि त्यातलीही एक बाजू दिवसभर स्वतःच्याच सावलीत असते. उन्हाला पाचव्या भागाइतकीच जागा दिली की बर्फ पेरणीपर्यंत तग धरतो.

हे रामबाण उपाय नव्हेत, हेही सांगितले पाहिजे. नळ गोठतात, बांध वाहून जातात, दर हिवाळ्याला माणसांची मेहनत लागते. आणि मुळात ओढ्याला पाणीच नसेल तर गोठवणार काय? परंतु या दोन्ही प्रयत्नांचे मोल त्यांनी साठवलेल्या पाण्यापेक्षा मोठे आहे. डोंगराला सरासरीने न पाहता अंगाअंगाने पाहिले, की साध्या दगडमातीतही उत्तर सापडू शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

सावलीच जेव्हा पुरत नाही

‘पृथ्वीच तापते आहे; मग उतार उत्तरेचा असो की दक्षिणेचा, बर्फ जायचाच. मग ही बारकाई कशाला?’ असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर थोडे अस्वस्थ करणारे आहे.

ऊन भेदभाव करते. ते एका अंगाला झोडपते आणि दुसऱ्याला सोडते. उबदार हवा मात्र असा भेद करत नाही. ती डोंगराच्या दोन्ही अंगांना सारखीच लागते. ढगाळ रात्रीची ऊब, बर्फावर पडणारा पाऊस, यांनाही दिशा नसते. हवा जितकी तापेल तितका वितळण्यातला उन्हाचा वाटा घटेल आणि हवेचा वाढेल. म्हणजेच सावलीचे वजन कमी होईल. एकेक करून मिळणारे हप्ते एकमेकांच्या जवळ सरकतील. पाणी वर्षभराच्या बेरजेत तेवढेच दिसेल, काही वर्षे कदाचित अधिकही. पण ते घाईने येईल आणि घाईने जाईल. एप्रिलमध्ये ओढा फुगलेला आणि जूनमध्ये कोरडा, असे वर्ष आकडेवारीत ‘सरासरी’ म्हणून नोंदले जाईल आणि शेतकऱ्यासाठी ते दुष्काळाचे असेल.

याला आपल्या काजळीची आणि धुळीची जोड मिळते. डिझेलचा धूर, चुलींचा धूर, उत्तराखंडातल्या वणव्यांची राख आणि थरच्या वाळवंटातून उडालेली धूळ हिमालयाच्या बर्फावर बसते आणि त्याची ऊन परतवण्याची ताकद कमी करते. यातली बरीच राख आणि धूळ एप्रिल ते जून या काळातली असते. नेमकी तेव्हाच, जेव्हा सूर्य वर चढून सावलीच्या उतारांनाही गाठत असतो. राखून ठेवलेली ठेव मुदतीआधीच मोडावी, तसा हा प्रकार आहे. आणि ही काजळी जागतिक परिषदांच्या हाती नाही. ती बरीचशी आपल्याच गाड्यांच्या आणि चुलींच्या हाती आहे. रोहतांग आणि लडाखकडे दर उन्हाळ्यात गाड्यांची जी रीघ लागते, तिच्यात महाराष्ट्रातलेही प्रवासी कमी नसतात.

सावलीचा आणखी एक पैलू धोक्याचा आहे. उंचावरच्या सावलीच्या कड्यांत खडकांच्या भेगांतले पाणी वर्षानुवर्षे गोठलेले असते आणि ते खडकांना धरून ठेवते. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात रोंटी शिखराच्या उत्तरेकडच्या कड्यावरून सुमारे दोन कोटी सत्तर लाख घनमीटर खडक आणि बर्फ सुटला आणि जवळजवळ अठराशे मीटर खाली कोसळला. ऋषिगंगेवरचा वीजप्रकल्प वाहून गेला, तपोवनच्या प्रकल्पावर काम करणारे मजूर बोगद्यात अडकले आणि दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. या एका दुर्घटनेचे खापर केवळ तापमानवाढीवर फोडता येणार नाही. त्या कड्याची घडणही कारण होती. पण फेब्रुवारीत, ऐन थंडीत, सावलीच्या कड्यावरून असा प्रलय येऊ शकतो, आणि त्याच्या वाटेत आपण प्रकल्प उभारत असताना वरचे अंग पुरेसे तपासलेले नसते, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

मोजायचे काय?

भारतात साडेनऊ हजारांच्या वर हिमनद्या असल्याचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण सांगते. प्रत्यक्ष जागेवर जाऊन, सलग अनेक वर्षे, जमाखर्च मांडलेल्या हिमनद्या मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. लाहौलमधल्या छोटा शिग्री या हिमनदीचे मोजमाप २००२ पासून सलग चालले आहे. हवामानाची बहुतेक केंद्रे दऱ्यांच्या तळाशी, रस्त्यांच्या जवळ आहेत. बर्फ मात्र वर असतो. उपग्रहांनी मोठी मदत केली, यात शंका नाही. पण हिवाळ्यात सूर्य खाली असताना उत्तरेचे तीव्र उतार गडद सावलीत जातात आणि उपग्रहाच्या छायाचित्रातही ते काळेच दिसतात. ज्या अंगाने पाणी राखून ठेवले आहे, नेमके तेच अंग आपल्याला सर्वांत अंधूक दिसते.

म्हणून मागणी काही फार मोठी नाही. प्रत्येक खोऱ्यात दोन समोरासमोरचे उतार निवडावेत, एक उन्हाचा आणि एक सावलीचा, आणि तिथे बर्फाची जाडी, पाण्याचे प्रमाण आणि वितळण्याच्या तारखा दरवर्षी नोंदवाव्यात. त्यासाठी अब्जावधींची यंत्रणा लागत नाही. मोजपट्टी, तराजू आणि चिकाटी लागते. ही कामे गावातल्या शाळा आणि पंचायती करू शकतात, आणि त्यांच्या नोंदी शास्त्रज्ञांनी गांभीर्याने घ्याव्यात. रस्ता, बोगदा किंवा वीजप्रकल्प मंजूर करताना वरच्या अंगाची दिशा आणि चढ यांचा स्वतंत्र अहवाल मागावा. काजळीचे नियम उंचावरच्या मार्गांवर अधिक कडक असावेत. आणि धोरणाच्या कागदांत ‘वार्षिक उपलब्ध पाणी’ या रकान्याशेजारी ‘महिनावार’ असा दुसरा रकाना असावा.

महाराष्ट्राला हा विचार परका वाटू नये. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण पावसाची वार्षिक सरासरी गाठूनही पेरण्या वाया गेल्याचा अनुभव मराठवाड्याच्या आणि विदर्भाच्या शेतकऱ्याला पुरेपूर आहे. पावसाचे एकूण मिलिमीटर जमले, पण मधली ओढ जीवघेणी ठरली, हे वाक्य आपण किती वेळा ऐकले आहे! लडाखचा शेतकरी बर्फाच्या भाषेत तेच सांगतो आहे. त्याच्यासाठी हिमालय म्हणजे नकाशावरची पांढरी पट्टी नाही. त्याच्यासाठी तो समोरचा एक उतार आहे, ज्यावर मे महिन्यात बर्फ असायला हवा. यंदा तो किती तारखेपर्यंत टिकला, हे त्याला तोंडपाठ असते. ते कुठेतरी लिहून ठेवण्याची आणि वाचण्याची जबाबदारी आता आपली आहे.